वृद्धाश्रमाचा खरा खर्च : पेण-रोह्याच्या अंगाने एक आढावा

महाराष्ट्रात वृद्धाश्रमाचा विषय निघाला की बोलणं दोनच वाटांनी पुढे सरकतं. कुणी मुलांच्या कृतघ्नतेवर बोलतं, कुणी दात्यांच्या औदार्यावर. वाढदिवसाचं जेवण, दिवाळीचा फराळ, कोनशिला, सभागृहाला दिलेलं आईवडिलांचं नाव यांच्या बातम्या होतात. रात्री दोन वाजता उठून आजोबांची ओली चादर बदलणारी, त्यांना कुशीवर वळवणारी, पाठीला बेडसोर होतोय का ते टॉर्चच्या उजेडात पाहणारी मावशी मात्र या बोलण्यात कुठेच नसते. तिला पगार किती, तिला साप्ताहिक सुट्टी मिळते का, ती आजारी पडली तर तिच्या जागी कोण उभं राहतं, हे देणगीदार विचारत नाही आणि सरकारच्या अर्जांतही त्याला दुय्यम जागा असते. धर्मादाय वृद्धनिवासाची आपल्याकडची दीडशेहून अधिक वर्षांची वाटचाल तपासली, तर ती छपराला पैसा मिळाल्याची आणि हातांना न मिळाल्याची कहाणी आहे, असं माझं म्हणणं आहे. पेण आणि रोहा या रायगडच्या दोन तालुक्यांसमोर हा प्रश्न आता उभा आहे. तिथे काही नवं करायचं असेल तर आधी माणसांचा खर्च आणि मग इमारत, असा उलटा क्रम लावावा लागेल.

वृद्धाश्रम ही पाश्चात्त्यांची देणगी आहे, आपल्याकडे एकत्र कुटुंब असताना त्याची गरज नव्हती, हे वाक्य इतक्या वेळा म्हटलं जातं की त्याची शहानिशा करणं भाग आहे. पुण्याच्या नवी पेठेतली ‘निवारा’ ही संस्था डेव्हिड ससून अनाथ पंगू गृह म्हणून 1863 साली सुरू झाली आणि आजही सुरू आहे. बगदादहून मुंबईत येऊन व्यापारात मोठा झालेला एक ज्यू दाता, पुण्यासारखं जुन्या वळणाचं शहर, आणि आसरा नसलेली वृद्ध व अपंग माणसं, असा तो मेळ होता. म्हणजे वाडे भरलेले होते, एकत्र कुटुंबं शाबूत होती, त्या काळातही निराधार म्हातारी माणसं रस्त्यावर होती. त्याआधी हा भार अन्नछत्रं, मठ, देवळांच्या ओवऱ्या आणि तीर्थक्षेत्रं उचलत होती. काशीला आणि पंढरपूरला जाऊन राहिलेल्या विधवांत श्रद्धेने गेलेल्या होत्या, तशाच घरात जागा न उरल्याने गेलेल्याही होत्या. गाडगेबाबांनी धर्मशाळा बांधल्या, आंधळ्या-पांगळ्यांना अन्न दिलं, तेही गरज होती म्हणूनच. शिवाय एक साधी गोष्ट विसरली जाते. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात सरासरी आयुर्मान 32 वर्षांच्या आसपास होतं. त्या आकड्यात बालमृत्यूंचा मोठा वाटा होता हे खरं. पण ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांची, स्मृतिभ्रंश झालेली, वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेली माणसं घरोघर असण्याची वेळ त्या एकत्र कुटुंबावर क्वचितच आली होती. आज सरासरी आयुर्मान सत्तरच्या घरात आहे. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढचे लोक एक कोटी अकरा लाखांच्या आसपास होते, म्हणजे दहा माणसांत जवळपास एक. जुन्या कुटुंबाने हा भार पेलला होता आणि नव्याने टाकला, असा निवाडा देणं अन्यायाचं आहे. एवढा भार त्याच्यावर पूर्वी कधी पडलाच नव्हता.

सरकारने या कामात हात घातला त्यालाही आता साठ वर्षं झाली. महाराष्ट्रात अनुदानित वृद्धाश्रमांची योजना 1963 साली आली. साठीचे पुरुष आणि पंचावन्नच्या स्त्रिया असे तिचे निकष, आणि काम स्वयंसेवी संस्थांचं, सरकारचं माणशी अनुदान. 1995 मध्ये युती सरकारने ‘मातोश्री वृद्धाश्रम’ योजना आणली. शंभर जणांची क्षमता, जागा आणि इमारत यांचा एकदाचा भार सरकारवर, रोजचा कारभार संस्थेवर, अशी तिची रचना. हेतू चांगला होता आणि त्यातून उभी राहिलेली काही घरं आजही नीट चालतात. पण काही बंद पडली आणि काही ठिकाणी इमारत राहिली, माणसं कमी झाली. याचं कारण योजनेच्या मांडणीतच होतं. शंभर म्हाताऱ्यांच्या घराला सर्वांत मोठा खर्च बांधकामाचा नसतो. इमारत उभी राहिल्यानंतर पुढची तीस वर्षं दर महिन्याला येणाऱ्या पगारपत्रकाचा असतो. तो ज्याच्या माथी, त्याच्याकडे उत्पन्नाचं साधन काय, हे ठरवल्याशिवाय कोनशिला बसली. केंद्राच्या योजनेचीही कथा फार वेगळी नाही. पंचवीस ज्येष्ठांच्या घराला संस्थांमार्फत मदत देण्याची योजना 1992 पासून आहे आणि आता ती अटल वयो अभ्युदय योजनेच्या छत्राखाली आली आहे. पंचवीसचा आकडा शंभरापेक्षा शहाणा आहे, पण वर्षाचं अनुदान वर्ष संपल्यावर हातात पडणाऱ्या छोट्या संस्थेला मावश्यांचे पगार उधारीवर देता येत नाहीत.

मग 2007 चा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा आला, जो महाराष्ट्राने 2009 मध्ये लागू केला. त्याच्या कलम 19 मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, आणि त्यात किमान दीडशे निराधार ज्येष्ठांची सोय, असं लिहिलेलं आहे. पण राज्य सरकार असं घर उभारू ‘शकेल’, अशी त्याची भाषा आहे. उभारलंच पाहिजे, असं कायदा म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या अश्वनी कुमार प्रकरणात जिल्हावार वृद्धाश्रमांची माहिती मागवली, तेव्हा या शब्दाची उणीव पुन्हा समोर आली. आणि हे कलम उद्या काटेकोर पाळलं गेलं तरी रायगडसारख्या जिल्ह्याला ते पुरणार नाही. उरणच्या खाडीपासून पोलादपूरच्या घाटापर्यंत पंधरा तालुके. दीडशे खाटांचं एकच घर अलिबागला किंवा पनवेलला झालं, तर रोहा तालुक्यातल्या दुर्गम वाडीतल्या म्हातारीच्या दृष्टीने ते परगावच. तिथे तिची बोली कुणी बोलणार नाही, तिच्या देवाची पालखी तिथे येणार नाही, आणि भाची किंवा शेजारीण भेटायला यायची तर एक दिवसाची मजुरी बुडवून यावं लागेल.

पेण-रोह्याची म्हातारी माणसं कोण, हे नीट पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पेण म्हटलं की गणपतीचे कारखाने आठवतात, आणि जुन्या आळ्यांतले वाडे. त्या घरांतली पुढची पिढी मुंबई, पुणे आणि त्यापलीकडे गेली. मागे राहिलेल्या जोडप्यांकडे घर आहे, थोडी ठेव आहे, फक्त हाकेच्या अंतरावर माणूस नाही. त्या ठेवींचंही काय झालं ते पेणकर जाणतात. सप्टेंबर 2010 मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन बँकेवर निर्बंध घातले आणि लाखाहून अधिक ठेवीदारांचे पैसे अडकले. निवृत्तीच्या रकमा ज्यांनी विश्वासाने गावच्या बँकेत ठेवल्या होत्या, त्यांच्या म्हातारपणाचा आधार त्या एका घटनेने हलला. खारेपाटातली गोष्ट निराळी. तिथला आगरी शेतकरी खारफुटीशी आणि खाऱ्या पाण्याशी झगडत भात काढत आला. महामुंबई सेझ या प्रस्तावित विशेष आर्थिक क्षेत्राबाबत पेण तालुक्यातल्या 22 गावांत 21 सप्टेंबर 2008 ला सार्वमत झालं, त्यात जमीन हीच म्हातारपणाची हमी आहे, हा जुन्या माणसांचा आग्रह मोठा होता. त्यानंतर मुंबई जवळ येत गेली. अटल सेतू झाला, नवी मुंबईचं विमानतळ झालं, भाव चढले आणि जमिनी घरातल्या घरात लवकर वाटल्या जाऊ लागल्या. रोह्यात धाटावच्या औद्योगिक वसाहतीतून निवृत्त झालेला कामगार आहे. त्याच्या भविष्य निर्वाह निधीच्या निवृत्तिवेतनाची किमान रक्कम 2014 पासून महिना 1,000 रुपयांवर थांबलेली आहे. आणि डोंगराच्या कडेने कातकरी आणि ठाकूर वाड्या आहेत. दिवाळीनंतर धडधाकट माणसं वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामावर निघून जातात, पावसाच्या तोंडाला परततात. मधले सहा-सात महिने वाडीवर म्हातारे आणि काही मुलं. रेशनच्या दुकानात अंगठा उमटत नाही म्हणून परत पाठवलं जाणारं माणूस बहुधा याच वाडीतलं असतं, कारण आयुष्यभर माती आणि विटा हाताळून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात.

या चारही जणांना एकच वृद्धाश्रम चालणार नाही, हे उघड आहे. वाड्यातल्या जोडप्याला घर सोडायचं नाही, त्यांना सोबत हवी. खारेपाटातल्या बाईला कदाचित निवारा नको, कायद्याचा आधार हवा. धाटावच्या कामगाराला औषधांचा खर्च झेपत नाही. वाडीवरच्या म्हाताऱ्याला सहा महिने दोन वेळचं जेवण आणि आजारपणात कुणीतरी दवाखान्यात नेणारं हवं. वृद्धाश्रम या एका शब्दाखाली आपण हे सगळं कोंबतो, आणि मग बांधायला सोपी असते ती गोष्ट, म्हणजे इमारत, बांधतो. रायगड जिल्ह्यात पनवेल-कर्जत पट्ट्यात संस्थांची घरं उभी राहिली, त्याचं एक कारण मुंबईला जवळ आणि जागा स्वस्त, हे आहे. त्यांत चांगलं काम करणाऱ्या संस्था आहेत. पनवेलजवळ नेऱ्याचं शांतिवन कुष्ठरुग्णांसाठी सुरू झालं आणि पुढे वृद्धांसाठीही उघडलं. जिथे आजारी माणसाला हात लावण्याची सवय संस्थेच्या हाडात आहे, तिथे वृद्धांची सेवा टिकते, असं त्यातून दिसतं. पण जिल्ह्यातल्या खाटा आणि जिल्ह्यातले म्हातारे यांचा संबंध या वाटेने आपोआप जुळत नाही. महानगराच्या म्हातारपणाला जागा देणं आणि पेण-रोह्याच्या म्हातारपणाची काळजी घेणं, ही दोन वेगळी कामं आहेत.

आता हिशेब. एका वेळी एक सेविका चोवीस तास हजर ठेवायची तर आठवड्याचे तास होतात 168. कायद्याने एका माणसाने आठवड्याला 48 तास काम करावं, म्हणजे एका जागेसाठी साडेतीन माणसं. रजा आणि आजारपण धरलं तर चार. समजा प्रत्येकीला महिना 15 हजार दिले, तर फक्त एका जागेचा खर्च 60 हजार. घरात पंचवीस माणसं असतील तर दर डोई 2,400 रुपये. यात जेवण नाही, वीज नाही, डायपर नाहीत, औषध नाही, स्वयंपाकी नाही, परिचारिका नाही. आणि पंचवीसांमध्ये सहा-सात जण अंथरुणाला खिळलेले असतील तर रात्री एका बाईने भागत नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची म्हटली तर एका फेरीत तिला उसंतच मिळत नाही. याच्या समोर श्रावणबाळ योजनेची रक्कम ठेवा. 65 वर्षांपुढच्या निराधाराला महिना 1,500 रुपये, तेही कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत असेल तर. म्हणजे राज्याने ज्याला निराधार म्हणून मान्य केलं, त्या माणसाची पूर्ण रक्कम संस्थेला दिली तरी चोवीस तास हजर असलेल्या एका जोडी हातांचाही त्याच्या वाट्याचा खर्च निघत नाही. सत्तरीपुढच्या सर्वांना 2024 पासून आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. ही मोठी गोष्ट आहे. पण ते कवच रुग्णालयात भरती झाल्यावरचं आहे. घरी परतल्यावर नळीने जेवण भरवणं, जखम पुसणं, शौचाला नेणं याचा एक रुपयाही त्यातून येत नाही. 75 वर्षांपुढे एसटी मोफत आहे, पण स्टँडपर्यंत चालत जाऊ शकणाऱ्यालाच तिचा उपयोग. आपल्या साऱ्या योजना चालत्या-फिरत्या म्हाताऱ्यासाठी किंवा रुग्णालयात दाखल झालेल्यासाठी आहेत. या दोहोंच्या मधला काळ, जो सर्वांत लांब आणि सर्वांत खर्चिक असतो, तो घरातल्या सुनेवर नाहीतर संस्थेतल्या मावशीवर सोडून दिलेला आहे.

दानाला इमारतच का आवडते, याचं उत्तर दात्याच्या स्वार्थात शोधण्याचं कारण नाही. इमारत दिसते, तिचा शेवट दिसतो, पैसे कुठे गेले ते कळतं. पगाराला दिलेला पैसा दर महिन्याला नाहीसा होतो. पेण तालुक्यातल्या गागोद्याला जन्मलेल्या विनोबांनी 1951 पासून देशभर चालत लाखो एकर जमीन दानात मिळवली. जगात अशी दुसरी गोष्ट शोधून सापडणार नाही. पण बऱ्याच जमिनीचं वाटप रखडलं, आणि ज्यांना मिळाली त्यांच्याकडे बैल, बियाणं, पाणी नव्हतं. एकदाचं दान माणूस मन मोठं करून देतो, पण मागाहून लागणारा रोजचा आधार उभा करायला व्यवस्था लागते. ही त्या चळवळीची शिकवण वृद्धसेवेला जशीच्या तशी लागू पडते.

बाहेरच्या जगाचा अनुभव इथे उपयोगी आहे, कारण त्यांनीही आधी इमारतीच बांधल्या. इंग्लंडमध्ये पीटर टाउनसेंड या समाजशास्त्रज्ञाने 1962 साली, 173 वृद्धनिवास पाहून, एक पुस्तक लिहिलं. जुन्या गरीबगृहांच्या प्रचंड इमारतींत माणसं कशी एकाकी आणि निरुपयोगी होऊन राहतात, याचा तो दस्तऐवज आहे. सोय घरापर्यंत न्या, असं तो सांगत होता. त्याच्या थोडं आधी, 1955 मध्ये, रिचर्ड कार-गॉम नावाच्या मेजरने लष्कर सोडलं, लंडनच्या बर्मंडसी या कामगार वस्तीत म्हाताऱ्यांच्या घरी झाडलोट आणि मदतनिसाचं काम केलं, आणि 1956 मध्ये स्वतःच्या पैशांनी एक साधं घर घेऊन शेजारपाजारच्या एकट्या माणसांना तिथे राहायला बोलावलं. त्यातून अ‍ॅबीफिल्ड ही संस्था उभी राहिली. तिची मूळ कल्पना छोटी होती. मोजकी माणसं, प्रत्येकाला स्वतःची खोली आणि स्वतःचं सामान, जेवण एकत्र, घर सांभाळणारी एक व्यक्ती, आणि हे सगळं ज्या वस्तीत आयुष्य गेलं त्याच वस्तीत. ही कल्पना अनेक देशांत गेली. पण तिचा पुढचा इतिहासही तितकाच सांगण्याजोगा आहे. राहणारी माणसं जास्त थकत गेली, छोट्या घरांना परिचारिका आणि जास्त मनुष्यबळ लागू लागलं, वेगळी शुश्रूषागृहं काढावी लागली, आणि अलीकडच्या वर्षांत काही घरं बंद करावी लागली. छोटं घर माणुसकीचं असतं, पण त्यालाही हातांचा हिशेब चुकवता येत नाही. जपानने तो हिशेब सरळ मांडला. एप्रिल 2000 पासून चाळिशीपुढच्या प्रत्येकाकडून शुश्रूषा-विम्याचा हप्ता घ्यायचा आणि त्यातून घरपोच सेवेपासून निवासापर्यंतचा खर्च भागवायचा. आपण जपान नाही, हे मान्य. पण केरळ तर भारतातच आहे. कोझिकोडला 1993 मध्ये सुरू झालेल्या वेदनाशामक सेवेच्या कामातून शेजाऱ्यांनी चालवलेली जाळी तयार झाली. 2008 मध्ये तिथल्या सरकारने धोरण केलं. आज ग्रामपंचायती आपल्या निधीतून परिचारिका नेमतात आणि ती अंथरुणावरच्या माणसाच्या घरी जाते. इमारत जवळपास शून्य, खर्च माणसावर.

या मांडणीवर घेतले जाणारे आक्षेप हलके नाहीत. पहिला नैतिक आहे. संस्था सोयीच्या झाल्या की मुलं जबाबदारी टाकतील. याला माझं उत्तर असं, की टाकणारे संस्था नसतानाही टाकतात, फक्त तेव्हा माणूस देवळाच्या पायरीवर किंवा सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात सापडतो. मराठी रंगभूमीने 1970 मध्ये ‘नटसम्राट’मधून दाखवलेला बाप वृद्धाश्रम होता म्हणून बेघर झाला नाही. त्याने जिवंतपणी सारं वाटून टाकलं म्हणून झाला. त्या दुखण्यावर 37 वर्षांनी आलेल्या त्याच 2007 च्या कायद्याच्या कलम 23 मध्ये औषध आहे. सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ झाला नाही तर, परत मिळवता येते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये ऊर्मिला दीक्षित प्रकरणात या कलमाचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावावा, असं सांगितलं. पण बक्षीसपत्रात सांभाळाची अट लिहून घेणं, हे आजही सर्वांत सुरक्षित. या कायद्याखालच्या तक्रारी ऐकणारं न्यायाधिकरण प्रांताधिकाऱ्यांकडे असतं, आणि प्रांत कार्यालय पेणलाही आहे, रोह्यालाही आहे. निर्वाहाची रक्कम महिना 10 हजारांपर्यंत ठरवता येते. खारेपाटात आणि धाटावच्या परिसरात जमिनीचे व्यवहार होतात, त्या प्रत्येक दुय्यम निबंधक कार्यालयात ही माहिती मोठ्या अक्षरांत लागली, तर काही वृद्धाश्रमांची गरजच कमी होईल. जबाबदार मुलांचा प्रश्न मात्र वेगळा आहे, आणि त्यांची संख्या जास्त आहे. आईला अंघोळ घालायला, तिच्याजवळ रात्री बसायला मदत मिळाली, तर घर मोडत नाही. मदत न मिळाल्याने थकलेली सून कृतघ्न नसते.

दुसरा आक्षेप पैशाचा. छोटी घरं महाग पडतात. वर केलेला हिशेबच याला पुष्टी देतो. चोवीस तासांच्या एका जागेचा 60 हजारांचा खर्च आठ जणांत वाटला तर दर डोई साडेसात हजार होतो. म्हणून प्रत्येक घर चोवीस तास शुश्रूषेचं असावं, असं मी म्हणत नाही. ज्यांना स्वतःचं आवरता येतं, त्यांच्यासाठी गावातच, बाजार आणि देऊळ चालत गाठता येईल अशा जागी, आठ-दहा जणांची घरं असावीत. तिथे रात्रपाळी लागत नाही, घर सांभाळणारी एक बाई आणि तिची बदली पुरते. जे अंथरुणाला खिळले त्यांच्यासाठी पंचवीसेक खाटांचं वेगळं शुश्रूषागृह असावं, आणि ते उपजिल्हा रुग्णालयाच्या जवळ असावं. पेणला असं रुग्णालय आहे आणि रोह्यालाही. डॉक्टरची फेरी, औषधं, जखमांची देखभाल यांचा खर्च तिथे वाटून घेता येतो. आणि तिसरा, सर्वांत स्वस्त थर म्हणजे घरोघरी जाणारी सेविका. हे काम आशा सेविकेच्या मानधनावर आणखी एक ओझं म्हणून टाकू नये. तिच्यावर आधीच पुरे आहे. तिसरा आक्षेप असा, की हे सगळं सरकारचं काम आहे, धर्मादाय संस्थांनी त्यात का पडावं. तत्त्वतः मी या आक्षेपाच्या बाजूने आहे. पण सरकारी यंत्रणेला माणसाची आवड-नावड, त्याचा उपास, त्याचं भांडण, त्याच्या मृत्यूनंतर अग्नी कोण देणार हा प्रश्न, हे सगळं सांभाळता येत नाही. संस्थेला ते येतं. पैसा सार्वजनिक, हात स्थानिक, देखरेख दोघांची, ही विभागणी टिकते. देखरेखही गंभीरपणे हवी. हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातो, पण रात्री किती सेविका होत्या, किती जणांना जखमा झाल्या, किती जण पडले, याची नोंद कुणीही मागत नाही. आणि नागोठण्यासारख्या ठिकाणी, जिथे 1989 च्या जुलैत अंबा नदीच्या पुराने हाहाकार केला, तिथे घर काढायचं तर अंथरुणावरची माणसं तासाभरात वर कशी हलवणार, हे आधी लिहून ठेवलेलं असलं पाहिजे.

पेण-रोह्याला आज काय करता येईल, ते मोठं नाही. दोन्ही शहरांतल्या एखाद्या रिकाम्या वाड्यात किंवा बंद पडलेल्या सार्वजनिक इमारतीत छोटं घर सुरू करायला नवं बांधकाम लागत नाही. कातकरी वाड्यांवर स्थलांतराच्या महिन्यांत म्हाताऱ्यांसाठी रोज शिजवलेलं जेवण देता येईल, अंगणवाडीच्या धर्तीवर. निवृत्तिवेतनधारकांना दर नोव्हेंबरला लागणारा हयातीचा दाखला सेविकेने घरी येऊन करून देणं, ही सोय तर उद्यापासूनही होऊ शकते. पण या सगळ्याच्या आधी जिल्हा नियोजन समितीने वृद्धसेवेच्या पगारांसाठी वेगळं लेखाशीर्ष मागितलं पाहिजे, आणि दोन्ही तालुक्यांतल्या ज्येष्ठ नागरिक संघांनी त्यासाठी पालकमंत्र्यांकडे धरणं धरलं तरी ते योग्यच होईल. देणगी देणाऱ्यांना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी वृद्धाश्रमाला रक्कम द्याल तेव्हा खोलीला नाव देऊ नका; रात्रपाळीला किती जणी असतात आणि त्यांना पगार किती मिळतो, ते विचारा, आणि तिथल्या एका सेविकेचा वर्षभराचा पगार उचला.